सरांच्या गाडीवर नाय बसायचं

मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आता तुमची, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी डहाणू रोड स्टेशनजवळच्या मेडिकलमधून कापूस, क्रेप बँडेज, जखमेवरचं औषध आणि लचकल्यावर मारायचा फवारा विकत आणला. पावती जपून ठेवली, गावातलं खेळाचं मंडळ पैसे देईल म्हणून. (दिले नाहीत.) खो-खोत गुडघे फुटतात, सूर मारताना कोपरं सोलवटतात, खांबाला वळसा घेताना पाय मुरगळतो. सुरक्षितता म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत होती आणि एवढं मला येतही होतं.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडे पोर धावायला लागलं की त्याला खो-खोच्या मैदानाच्या कडेला नेऊन उभं करतात. कॉलेजपर्यंत खेळलो, मग गुडघ्यानं साथ सोडली आणि बँकेच्या परीक्षेनं धरली. बदली झाली डहाणूला. समुद्र, चिकूच्या वाड्या, इराण्यांचे जुने बंगले, वारली चित्रं असं बरंच काही मनात घेऊन आलो आणि पहिले सहा महिने स्टेशन, बँक आणि भाड्याची खोली एवढंच डहाणू पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक नेपाळला हरवून भारतानं जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मी चहाच्या वेळी त्यावर इतकं बोललो की तलासरीकडून येणारे आमचे एक सहकारी वैतागून म्हणाले, "एवढं बोलताय तर आमच्या पाड्यावर येऊन शिकवा की पोरांना."

गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. डहाणूहून गंजाडवरून चारोटी नाका, तिथून महामार्गानं तलासरीच्या दिशेला, महालक्ष्मीचं देऊळ मागे टाकलं की कुठेतरी आत वळायचं, एवढं पुरे. इथं गाव म्हणजे एक वस्ती नसते, हे पहिल्याच रविवारी समजलं. ९ पाडे, एकमेकांपासून किलोमीटर-दोन किलोमीटर लांब, मध्ये कुठे ओहोळ, कुठे टेकाड. मैदान म्हणजे शाळेमागचं भाताचं खाचर. कापणी झाली की ढेकळं फोडून, पाणी मारून मुलंच ते चोपतात. पहिल्या दिवशी ३४ मुलं आली, त्यात १९ मुली. निम्म्यांचे आईबाप गावात नव्हते. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर, गुजरातच्या किनाऱ्याला बोटींवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे आजी-आजोबा, नाहीतर थोरली बहीण.

मंडळाचे सचिव म्हणजे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी माझ्या हातात शिट्टी दिली, पाठ थोपटली आणि जबाबदारीचं ते वाक्य बोलून ते बी-बियाण्यांच्या कामाला निघून गेले.

दुसऱ्या रविवारी सराव चालू असताना पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. शाळेची पत्र्याची खिडकी थरथरली. मला वाटलं, महामार्गावरून अवजड कंटेनर गेला असेल. मुलं मात्र खेळ थांबवून खाचराच्या मध्यभागी येऊन बसली होती. एका मुलीनं डोकी मोजली. शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या धाकट्या भावाला दुसऱ्यानं ओढून आणलं. मग माझ्याकडे बघून हसली सगळी, कारण मी एकटाच उभा होतो आणि तोही भिंतीला टेकून. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला असे भूकंपाचे धक्के बसतात. १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ तीव्रतेचा होता. त्या हिवाळ्यात माणसं घरं सोडून तंबूत झोपली. तेव्हा जी मुलं कडेवर होती, ती आता माझ्यासमोर खो-खो खेळत होती. जमीन हलली की काय करायचं हे त्यांना पाठ होतं. कुणी विचार करत बसलं नाही, कुणाची परवानगी घेतली नाही.

हे मी तेव्हा नुसतं गंमत म्हणून घरी फोन करून सांगितलं.

मार्चमध्ये डहाणूला एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय 'खेळ आणि बालकांचं संरक्षण'. गुरुजींनी माझं नाव परस्पर दिलं. त्या आधीच्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण घडलं होतं, लोक रेल्वे रुळांवर उतरले होते आणि शासनानं शाळांसाठी आदेश काढला होता: कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. मला वाटलं, हे शाळांचं झालं. आमच्या खाचराला सीसीटीव्ही टांगायला भिंतसुद्धा नाही.

हॉलमध्ये शाळांचे पीटीचे सर, आश्रमशाळेच्या अधीक्षिका, अंगणवाडी सेविका, एक कराटेवाले आणि मी. शिकवणाऱ्या ताई पालघरहून आल्या होत्या, समुपदेशक. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "अंधार पडला, मूल एकटं आहे. कोण कोण त्याला आपल्या गाडीवर घरी सोडतं?" मी सगळ्यात आधी हात वर केला. थोडा उंचच केला. मागून पाच-सहा हात आले. ताई काही बोलल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी एक रेघ ओढली आणि लिहिलं: 'मोठा माणूस १, मूल १, बघणारं कुणी ०.' मग म्हणाल्या, "आता हात खाली घ्या. तुम्ही वाईट आहात असं मी म्हटलेलं नाही." पण माझे कान तापले होते.

नियम साधा आहे. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद जागेत किंवा नजरेआड एकटा असता कामा नये. किमान दोन मोठे, नाहीतर उघडी, दिसणारी जागा. गाडीवर एकट्या मुलाला न्यायचं नाही. रात्री वैयक्तिक मेसेज नाही, निरोप पालकांच्या ग्रुपवर. कपडे बदलायच्या खोलीत मोठ्यांनी जायचं नाही. पायाला गोळा आला तर तो कसा काढायचा हे मुलीला शिकवायचं, आपण दाबत बसायचं नाही. मी वहीत लिहून घेत होतो आणि दर ओळीला मनात म्हणत होतो: हे केलंय, हेही केलंय.

शेवटी न राहवून उठलो. म्हटलं, "ताई, शहरात ठीक आहे. आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर वाहन नाही. ज्याच्याकडे गाडी आहे असा माणूस मैदानावर एकच असतो. दुसरा मोठा माणूस आणू कुठून?"

ताई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. आता असं बघा, एखाद्याच्या मनात वाईट असेल तर त्याला याहून सोयीची जागा कुठे मिळेल?"

मी बसलो.

त्यांनी पंचकुल्याची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९९०. १४ वर्षांची टेनिस खेळणारी मुलगी. एस. पी. एस. राठोड हरियाणाचे पोलीस महानिरीक्षक आणि राज्याच्या टेनिस संघटनेचे अध्यक्ष. खास प्रशिक्षण देतो म्हणून त्यांनी तिला कार्यालयात बोलावलं. ती मैत्रिणीला घेऊन गेली. मैत्रिणीला त्यांनी कोचला बोलावून आणायला बाहेर पाठवलं. तेवढाच वेळ लागला. तक्रार झाली, खात्याच्या चौकशीत गुन्हा नोंदवावा असं निघालं, तरी तो नोंदवायला १९९९ उजाडलं. दरम्यान मुलीचं नाव शाळेतून कमी झालं, भावावर पोलीस केसेस लागल्या आणि १९९३ च्या डिसेंबरात तिनं जीव दिला. शिक्षा झाली २००९ मध्ये, सहा महिने. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानं ती दीड वर्षाची केली. मुलीचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे. ताईंनी ते घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही.

आणि अमेरिकेचा लॅरी नासर, जिमनॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून जास्त मुली-बाया कोर्टात एकामागून एक उभ्या राहिल्या आणि बोलल्या, तेव्हा त्याला ४० ते १७५ वर्षांची कैद झाली. यातली जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही ती अशी: कित्येकदा आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असायचे. उपचार चाललेत म्हणून. दुखऱ्या स्नायूवर मोठ्या माणसाचा हात असणं खेळात इतकं नेहमीचं आहे की समोर बसून दिसत नाही. आमचा खेळ तर स्पर्शावरच चालतो. बसलेल्याच्या पाठीला हात लावल्याशिवाय 'खो' होतच नाही. इंग्लंडात १९९५ मध्ये जलतरणाच्या एका ऑलिंपिक प्रशिक्षकाला १७ वर्षांची शिक्षा झाली, त्यातून तिकडे धडे घेतले गेले आणि २००१ मध्ये खेळातल्या मुलांच्या संरक्षणासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे २०२३ मध्ये नावाजलेल्या, पदकं मिळवलेल्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसल्या तेव्हा आपण काय केलं? मी तरी चॅनल बदलला होता. आयपीएल चालू होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर शब्दांवरून गोंधळ उडाला. मुलाला हळूहळू जाळ्यात ओढतात, त्या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत एक शब्द आहे, 'ग्रूमिंग'. ताईंनी विचारलं, तुम्ही काय म्हणाल? पीटीचे एक सर म्हणाले, "फूस लावणं." अधीक्षिका म्हणाल्या, "फूस लावून पळवतात. इथं पळवत कोण नाही, रोज शिकवायला येतो." कुणी म्हणालं पटवणं, कुणी नादी लावणं. या शब्दांत मुलाचाच काहीतरी दोष असल्यासारखा वास येतो. डहाणू गावातल्या एक सेविका मागून म्हणाल्या, "आमिष दाखवणं म्हणा. गळाला गांडूळ लावतात ते." घरचे मासेमारी करणारे असावेत. बूट घेऊन देणं, संघात घेईन म्हणणं, तू बाकीच्यांसारखी नाहीस म्हणणं, घरी सांगू नको म्हणणं: एकेक गांडूळ. तो शब्द मला पटला. पेपरातले विनयभंग, अतिप्रसंग, गैरवर्तन हे सगळे शब्द मोठ्यांच्या अब्रूसाठी घडवलेले. १२ वर्षांचं मूल यातला एकही शब्द उच्चारणार नाही. ते काय म्हणतं? अधीक्षिकांनी सांगितलं: "पोट दुखतं म्हणतं. मला नाय जायचं म्हणतं. बस."

कायद्याचं सत्र मी घाईत ऐकलं, चार-पाचची वेळ होती. जे राहिलं ते असं. 'पॉक्सो' हा मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा २०१२ चा कायदा, १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगाही. कलम १९: गुन्हा झाल्याचं कळलं, एवढंच नाही तर होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचंच. ते करायला पुरावा लागत नाही. कळवलं नाही तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. आणि २०२० च्या नियमांमध्ये शाळा, पाळणाघरं यांच्या जोडीला 'क्रीडा अकादमी' हे शब्द सरळ लिहिलेले आहेत: मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करायची. मी विचारलं, आमचं मंडळ नोंदणीकृतसुद्धा नाही, आम्ही अकादमी कसले? ताई म्हणाल्या, "मुलं नियमित येतात ना?"

वही भरली, चहा झाला, प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या रविवारी मी गाडीला किक मारून पाड्यावर गेलो आणि सगळं होतं तसंच चालू ठेवलं. दुसरा मोठा माणूस नव्हता, वाहन नव्हतं, अंधार तेवढाच होता. शिवाय, खरं सांगायचं तर, मी माझा मला ठाऊक होतो.

एप्रिलमधला शनिवार. स्पर्धा जवळ आली होती म्हणून सराव लांबला. मुली आपापल्या वाटेनं निघाल्या. एकीचा पाडा सगळ्यांत लांब, वाटेत चिकूची वाडी, तिथं भरदुपारीही सावली दाट. मी गाडी सुरू केली आणि म्हणालो, "चल, सोडतो." ती उभीच राहिली. मी परत म्हणालो. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "सरांच्या गाडीवर नाय बसायचं."

मला काय वाटलं ते लिहितो. आधी राग आला. मी रविवार घालवतो, पेट्रोल घालतो, आणि ही? मग भीती वाटली, पोटातून. माझ्याबद्दल कुणी काही बोललं का? हात कुठे लागला का? गेल्या तीन महिन्यांतले सगळे रविवार मी एका मिनिटात आठवून पाहिले. मुलगी समोर उभी होती आणि मी माझाच विचार करत होतो. मग विचारायला लागलो. का नाही बसायचं? कुणी सांगितलं? मी काही केलं का? तुला कुणी काही बोललं का? पाच-सहा प्रश्न, एकाला लागून एक. प्रशिक्षणाच्या वहीत मीच लिहिलं होतं: 'प्रश्नांचा भडिमार नको. सुचवणारे प्रश्न नकोत.' ती गप्प झाली. तेव्हा मी सगळ्यात मोठी चूक केली. म्हणालो, "सांग. मी कुणालाच सांगणार नाही."

तिनं अर्धं वाक्य सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यातला 'सर' मी नव्हतो. माझ्या आधीपासून मुलांना स्पर्धांना नेणारा एक जण होता, अजूनही कधी कधी येत होता, ज्याला मुलं सरच म्हणत. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

ती तिच्या वाटेनं निघाली. मी गाडी हातात धरून तिच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून पाड्यापर्यंत चालत गेलो. दिवा चालू, इंजिन बंद. दिवाही मिणमिणता होत गेला. बघणाऱ्याला वेडच वाटलं असतं.

रात्री ताईंना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: मूल आता सुरक्षित आहे का, आणि तू तिला काही वचन दिलंस का. दुसऱ्याचं उत्तर ऐकून त्या जरा वेळ थांबल्या. मग सांगितलं: आणखी काही विचारू नकोस. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव, तारीख-वेळ घालून, तुझ्या शब्दांत सुधारू नकोस. त्या माणसाला फोन करायचा नाही, जाब विचारायचा नाही. चौकशी करणं तुझं काम नाही. कळवणं तुझं काम आहे. आणि कळवायच्या आधी तिला जाऊन सांग.

गुरुजींकडे गेलो तर ते सुपारी कातरत म्हणाले, "त्याला बोलावून घेऊ. समोरासमोर विचारू. आपलाच माणूस आहे." मी म्हटलं, कायदा... "कायदा आहेच हो. पण उद्या पोरीचं लग्न व्हायचंय. मंडळाचं नाव आहे. आईबाप भट्टीवर. कोण धावपळ करील?" गुरुजी वाईट नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी या भागात मुलं शिकवली, कुणाची फी भरली, कुणाला घरी ठेवून घेतलं. समोरासमोर मिटवणं ही त्यांची न्यायाची कल्पना आहे आणि बांधावरून भांडण असतं तर ती चांगलीच होती. मी त्यांना कलम २१ सांगितलं, संस्थेच्या प्रमुखाचं. धमकी दिल्यासारखं झालं. त्यांचा अडकित्ता थांबला.

सोमवारी मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या सेविका, त्यांना सगळे बाय म्हणतात, त्यांना बरोबर घेतलं. मुलगी ओटीवर धाकट्याला खेळवत होती. मी म्हणालो, "मी तुला म्हटलं होतं की कुणाला सांगणार नाही. ते मी चुकीचं बोललो. मला सांगावं लागेल, कारण..."

"मग कशाला म्हटलं?" तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाय तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता हातानंच मला खुणावलं की जरा लांब व्हा.

१०९८ लावला. चोवीस तास चालणारा, फुकट नंबर. पलीकडची बाई मराठीत, सावकाश बोलली. मी आपलं नाव सांगताना अडखळलो, तिनं दोनदा थांबून घेतलं. पुढे पोलिसांकडून एक महिला अधिकारी आल्या, साध्या सलवार-कुर्त्यात. कलम २४ तसंच सांगतं: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथं घ्यायचा, गणवेश घालून यायचं नाही. त्या आत गेल्या तेव्हा मी आंब्याखाली बसलो होतो. पुढचं काही सांगता येत नाही. कलम २३ प्रमाणे ज्यावरून मूल ओळखू येईल असं काहीही छापायचं नसतं; म्हणून वर गाव नाही, आणि काही तपशील मी मुद्दाम फिरवलेले आहेत. वाचणाऱ्यानं ओळखलंच असं वाटलं, तर ओळख चुकीची आहे असं समजावं.

ती तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. सरावालाही आली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी बायच्या अंगणवाडीत जाऊन बसायचो. तिथं भिंतीवर ग्राम बाल संरक्षण समितीची यादी रंगवलेली होती, सरपंच अध्यक्ष, खाली बायचं नाव. मी म्हटलं, तुम्ही समितीत आहात हे मला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं कुणी विचारलं? पोषण आहाराचे रकाने भरायला विचारतात." मी माझं जुनं तुणतुणं लावलं, दुसरा मोठा माणूस कुठून आणू, वाहन नाही, अंधार. बाय मटकी निवडत होत्या. म्हणाल्या, "पोरांना तिकडं नेता कशाला? तुम्ही इकडं या."

मला कळेना. त्यांनी कोसबाडकडे हात केला, म्हणजे त्या दिशेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी हा शब्द इथंच रुजला. बायनी तिथंच प्रशिक्षण घेतलेलं. मी दोन वर्षं डहाणूत राहून कोसबाडला सहलीपुरता गेलो होतो, फोटो काढले होते.

मे महिन्यापासून आम्ही सराव पाड्यांवर नेला. शनिवारी एका पाड्यावर, रविवारी दुसऱ्या. पूर्ण मापाचं मैदान मावत नाही, खांब जवळ येतात, कोंबड्या मध्ये येतात. एका आजीनं तिसऱ्याच दिवशी ओरडून फाउल दिला आणि तो बरोबर होता. ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच: म्हाताऱ्या, ताडीवाला, बाळंतीण. ताईंना फोन करून विचारलं, हे चालेल का? नियमात दोन मोठे म्हटलंय, इथं पंधरा-वीस आहेत, पण कुणाचंच प्रशिक्षण झालेलं नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, दोन तासांचं प्रशिक्षण मी येऊन देते, आजींना.

स्पर्धांचा प्रश्न उरलाच. तिथं टेम्पो लागतो, मुक्काम लागतो. आता टेम्पोत बाय येतात किंवा त्यांची जाऊबाई. नसतील तर जायचं नाही, एकदा गेलो नाही आणि मुलं माझ्यावर आठवडाभर चिडून होती. संमतीपत्रावर अंगठा घ्यायचा तर आजीचा घेऊन पुरत नाही असं ठरलं, भट्टीवरच्या आईबापांना फोन लावून स्पीकरवर वाचून दाखवतो. भिवंडीजवळच्या भट्टीवरून एका बापानं विचारलं, "एवढं का विचारता? तुम्ही सर आहात ना?" हे 'तुम्ही सर आहात ना' आता मला ऐकवत नाही.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरला, मग ठाण्यात बोलावणं आलं. टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, "कुठं लागताय नोकरीला?"

"नोकरी आहे. रविवारी खो-खो शिकवतो, त्यासाठी."

"पगार किती?"

"नाही पगार."

"मग दाखला कशाला? तुमच्यावर कुणाचा संशय आहे का?"

"नाही. म्हणजे... असावा, असं त्यांचं म्हणणं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

दाखल्याची प्रत प्लास्टिकमध्ये घालून अंगणवाडीच्या भिंतीवर लावली, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. खाली १०९८ मोठ्या आकड्यांत. मुलं गोळा झाली. एक जण म्हणाला, "सर, फोटोत चोरासारखे दिसता." सगळी खिदळली. मीही. ती मागे उभी होती, परत यायला लागून दोनच दिवस झालेले. पुढे येऊन तिनं दाखला वरपासून खालपर्यंत वाचला. बोट ठेवून.

"बायचा पण काढणार?"

"हो."

"आणि गुरुजींचा?"

गुरुजी तिथंच, दारापाशी, छत्री टेकून उभे होते. पोरांच्या माना एकदम तिकडे वळल्या. गुरुजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "फोटो काढायला डहाणूला जावं लागेल," ते म्हणाले, "माझ्याकडचा आहे तो नोकरीला लागतानाचा."

ती अंगणात गेली, चुन्यानं आखलेल्या तिच्या चौकोनात माझ्याकडे पाठ करून बसली आणि ओरडली, "चला ना, अंधार पडतोय."